मधोमध उभे केलेले मूल



आपल्यात मोठा कोण, यावर शिष्यांचा वाद चालला होता. तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला त्यांच्या मधोमध उभे केले आणि कवेत घेतले (मार्क ९:३३-३७). प्रभूने त्याला काही विचारल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा बाकावर डोके टेकून झोपला होता. आम्हीही त्याला सर्वांच्या मधोमध उभे केले, पण रागावण्यासाठी. आदल्या रात्री बाप दारू पिऊन आला होता. घरात मारहाण झाली, शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले, मूल पहाटेपर्यंत जागे राहिले. हे आम्हांला नंतर कळले. पोलिसांना ठाऊक होते, साऱ्या चाळीला ठाऊक होते. सकाळी ते मूल ज्यांच्यासमोर येऊन बसले, त्यांनाच ठाऊक नव्हते.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील चार्ल्सटन शहरात यावर एक साधा उपाय २०१३ साली एका प्राथमिक शाळेत सुरू झाला. रात्री एखाद्या घरी भांडण, मारहाण किंवा अटकेचा प्रसंग घडला आणि तिथे मूल दिसले, तर पोलीस शाळेला मुलाचे नाव कळवतात आणि एवढेच सांगतात की, याला जपून वागवा. काय घडले ते सांगत नाहीत. शिक्षकही विचारत नाहीत. गृहपाठ राहिला तर ओरडत नाहीत, चाचणी पुढे ढकलतात, झोप आली तर झोपू देतात. पुढे हा उपक्रम इतर राज्यांतही पोहोचला.

आपल्याकडे कायदा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेश घालायचा नाही आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. परंतु माणसे जागी नसली तर कायदा कागदावरच राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. शाळेने वेळीच कळवले नाही आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवायला उशीर केला, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने दोघांनाही खडसावले.

बंधु-भगिनींनो, पोलिसांकडे व शाळेकडे बोट दाखवणे सोपे आहे. आपले काय? शेजारच्या घरात काय झाले याची चर्चा मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर रंगते. जाणून घेण्याची हौस आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हौसेला सगळा तपशील हवा असतो. काळजीला तपशिलावाचून काही अडत नाही.

म्हणून तीन विनंत्या. आपल्यातील शिक्षकांनी जवळच्या ठाण्यातील बालकल्याण अधिकारी कोण हे विचारून घ्यावे आणि त्यांचा फोन नंबर शाळेत लावावा. आपल्यातील जे पोलीस खात्यात आहेत, त्यांनी अशा घरी गेल्यावर कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाकडेही पाहावे. आणि आपण सर्वांनी, भिंतीपलीकडून मुलाचा आक्रोश ऐकू आला तर टीव्हीचा आवाज वाढवू नये. १०९८ हा नंबर फिरवावा. मुलांसाठीची ही सेवा १९९६ साली आपल्याच मुंबईत सुरू झाली.

त्या मुलाची आम्ही पुढे क्षमा मागितली. तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. पुढच्या रविवारी मात्र पहिल्या बाकावर येऊन बसला.

जो अशा एका बालकाला स्वीकारतो तो आपल्यालाच स्वीकारतो, असे प्रभू म्हणतो. सोमवारी सकाळी दप्तर घेऊन निघालेल्या प्रत्येक मुलात त्याला ओळखण्याची कृपा तो आपल्याला देवो. आमेन.

आपले धर्मगुरू