गरिबांसाठी बांधलेली देखणी वास्तू

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या बोन गावी एक जुनं धर्मादाय रुग्णालय आहे, आता संग्रहालय म्हणून जपलेलं. युद्ध आणि दुष्काळानं मुलूख पिचला होता, तेव्हा १४४३ साली तिथल्या ड्यूकचे मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन यांनी ते स्थापन केलं.

रंगीत कौलांचं छप्पर पाहून आत गेलं की पाय थबकतात ते गरिबांच्या दालनात. उंच लाकडी छत, दोन्ही भिंतींलगत लाल पडद्यांच्या खाटा. दालनाच्या टोकालाच प्रार्थनामंदिर, कारण उठायची ताकद नसलेल्यालाही अंथरुणातून प्रार्थना ऐकू यायला हवी. एकेका खाटेवर दोघं झोपत, हेही खरं. तरीही, ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्यासाठी इतकं सुंदर बांधावं, वेदीवरचं चित्र रोगिर व्हान देर वायडनसारख्या थोर चित्रकाराकडून करून घ्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं. फुकट म्हणजे कसंबसं, असा हिशोब इथे कुणी केला नाही.

पतीच्या मागे गिगोननी इथेच रुग्णसेवा केली. दानात मिळालेल्या द्राक्षमळ्यांनी खर्चाचा भार उचलला. १९७१मध्ये रुग्ण नव्या इमारतीत गेले. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव मात्र दर नोव्हेंबरात होतो आणि पैसा गावातल्या रुग्णालयाच्या कामी येतो.