एक चूल, दोन कागद

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत वयांत आलेला मुलगा आईबापांच्याच छपराखालीं राहतो, कापूस वेचावयास किंवा तुरीच्या सोंगणीस मजुरीनें जातो आणि हातीं येईल तें घरांत आणून देतो. यांत कोणास वावगें वाटत नाहीं. परंतु सरकारी साहाय्याचा अर्ज भरतांना प्रश्न उभा राहतो, कीं हें घर एक कीं दोन?

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखालीं महाराष्ट्र सरकार पासष्ट वर्षांवरील निराधारांस मदत देतें. ही मदत २०२३ सालीं दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. ज्यांचें नांव दारिद्र्यरेषेखालील यादींत नाहीं, त्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें लागतें. मुलाची मजुरी दिवसास ३०० रुपये धरली व ती यांत मोजली, तर सत्तर दिवसांत मर्यादा संपते. मग कोणी शहाणा सल्ला देतो कीं, मुलाची शिधापत्रिका निराळी काढा, चूल निराळी असें लिहून द्या. चूल मात्र एकच पेटत असते. ज्या श्रावणानें आईबापांस कावडींत वाहिलें, त्याच्याच नांवाच्या मदतीसाठीं मुलानें कावड खालीं ठेवल्याचें सोंग करावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

नियम करणारांचेंही एकमत नाहीं. २०१९ सालीं सुरू झालेल्या किसान सन्मान निधींत कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अज्ञान मुलें. जाणता मुलगा त्यांत येत नाहीं. प्राप्तिकरांत आम्हां ख्रिस्ती लोकांचा बाप निराळा व मुलगा निराळा. हिंदु अविभक्त कुटुंबाची सवलत आम्हांस नाहीं. म्हणजे एकच मुलगा एका कागदावर घरचा व दुसऱ्यावर परका. तेव्हां खोटें तें कोणतें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, प्रत्येक कागद आपला प्रश्न विचारतो व त्याचेंच उत्तर मागतो. चूल विचारली असतां चूल सांगावी.

तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत विधवांच्या यादीचा विचार आहे. तेथेंही वयाची अट आहे, साठ वर्षांची. आणि जिला मुलें किंवा नातवंडें आहेत तिचा भार प्रथम घरानें उचलावा, म्हणजे खरोखर एकटी असलेलीस मंडळीला साहाय्य करतां येईल, असें प्रेषिताचें म्हणणें आहे. आईचें नांव यादींत यावें म्हणून मुलानें घर सोडावें, असें तो सांगत नाहीं. कुर्बान म्हणून आईबापांस उपाशी ठेवणारा मुलगा आणि त्यांस जेवूं घालून कागदावर वेगळा होणारा मुलगा यांस आम्ही एका मापानें मोजीत नाहीं. तरी दुसऱ्याचा धोका निराळाच आहे. उद्यां त्याचें लग्न होईल, भांडण होईल, आणि "आपण तर कागदावर वेगळेच आहों" हे शब्द कोणाच्या तरी तोंडीं येतील.

उलटपक्षीं, मुलाची बायकामुलें एकाच वाड्यांत खरोखर निराळी चूल मांडून असतील, तर निराळी पत्रिका मागण्यांत लाज नाहीं. तेथें पाळकानेंही आडवें येऊं नये.

मिळकत सांगतांना मजुरीचे दिवस खरे मोजावे. कोरडवाहू मुलखांत वेचणी संपल्यावर उन्हाळाभर हातास काम नसतें. तलाठ्याच्या अंदाजांत वर्षभराची रोजी धरली गेली, तर तसें बोलून दाखविणें हा उद्धटपणा नव्हे. अर्ज फेटाळल्यास कारण लेखी मागावें, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्याच्याबरोबर उपदेशकानें तहसील कचेरींत जावें. पंच म्हणून सही करावयाची झाल्यास त्यानें आधीं त्या घरांत जाऊन चुली मोजाव्या. इतकें करूनही ज्या म्हाताऱ्यांस नियमानें मदत नाकारली, त्यांचीं नांवें मंडळीच्या धान्याच्या मुठींतून द्यावयाच्या यादींत घ्यावीं; तेथें तहसीलदाराचा दाखला लागत नाहीं.