सम-विषम

माणसानं आपल्या माणसांच्या किती जवळ असावं, या प्रश्नावर आजवर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं असेल. माझ्या वाचनात ते आलेलं नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात नाती दोनच, धनको आणि ऋणको. त्यामुळे हा प्रश्न मला भेटला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बोटीच्या बुकिंगच्या पानावर, आणि तोही ‘आपली केबिन निवडा’ अशा अगदी साध्या वेशात.

झालं असं, की आईला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. शांत करावी, हॉल घ्यावा, साडीबिडी घ्यावी, असं आमचं चाललं होतं. आई म्हणाली, “शांत-बिंत काही नको. मला एकदा बोटीनं गोव्याला न्या.”

आईची बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट. लग्न होऊन ती मालवणला गेली ती बोटीनं आणि आम्हाला लहानपणी मुंबईला आणलं तेही बोटीनंच. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत करत बोट मालवणसमोर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या असं सगळं पडावात उतरवलं जायचं. डेकवर पाय ठेवला की पहिलं काम म्हणजे सतरंजी पसरणं. आई अजून सांगते, “एका सतरंजीवर नऊ माणसं. त्यातली आपली किती आणि परकी किती, ते मालवण आल्यावर कळायचं.” कुणाला बोट लागली तर शेजारच्या सतरंजीवरून लिंबू यायचं. त्या बोटीत कुटुंबानं एकत्र राहण्यासाठी काही करावं लागत नसे. उलट थोडं लांब जायचं म्हटलं तरी पायाखाली कुणीतरी यायचं.

ती बोट बंद पडून जमाना झाला. आता मुंबईहून गोव्याला जाते ती पर्यटनाची बोट. दहा मजली, आत पोहण्याचा तलाव, नाटकगृह आणि अष्टौप्रहर खाणं. सतरंजी पसरायची सोय मात्र नाही. केबिन घ्यावी लागते.

आम्ही जायचे एकूण आठ. आई आणि आमची आत्या. दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा. मी, आमची ही आणि दहा वर्षांची चिनू. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, शाळेतून निवृत्त, अविवाहित. ती आणि आई यांचं नणंद-भावजयीचं नातं पन्नास वर्षं टिकलं आहे, ते दोघी एकमेकींचं काही ऐकत नाहीत म्हणून.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दादा डोंबिवलीला, मी ठाण्याला. मधे लोकलची चार-पाच स्टेशनं, पण गेली चार वर्षं आम्ही एकमेकांकडे गणपतीशिवाय गेलेलो नव्हतो. वडील गेले, त्यांच्या जागेचा व्यवहार झाला आणि त्यात एक कागद मला न दाखवता सही होऊन गेला, असं माझं म्हणणं. दादाचं म्हणणं, दाखवला होता. बँकेत मी दिवसाला दोनशे सह्या ताडून बघतो. माझ्याच घरातली सही ताडून बघायची राहिली, याचा मला जास्त राग होता. भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

बुकिंगचं काम माझ्याकडे आलं. मी घेतलं म्हणा ना! केबिनींचा बाजार तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. एका केबिनीत पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला कमी आणि एकटाच माणूस गेला तर त्याला जवळजवळ दोघांचं. (संन्याशांना यात सवलत नाही.) सगळ्यात स्वस्त भाडं असं, की केबिनीचा नंबर कंपनी देणार, म्हणजे आई पाचव्या मजल्यावर मागे आणि आपण आठव्यावर पुढे, असंही होऊ शकतं. नंबर आपण निवडायचा तर पैसे जास्त. दादा फोनवर म्हणाला, “अरे, नंबराचे कसले पैसे द्यायचे? बोट तर एकच आहे ना? समुद्रात आणखी लांब कोण जाणार?”

एजंटकडेही विचारून पाहिलं. तो म्हणाला, “साहेब, दोन भावांसाठी कनेक्टिंग केबिन घ्या. मधे दार असतं. कडी दोन्ही बाजूंनी. दोघांनी उघडली तरच उघडतं.” मला आमच्या बँकेचा लॉकर आठवला. त्यालाही किल्ल्या दोन लागतात, एक आमची, एक गिऱ्हाइकाची. मी घरी विचारलं. ही म्हणाली, “दार नको बाई, उगाच.” दादानं त्याच्या घरी विचारलं. वहिनीही म्हणाल्या, “दार नको बाई, उगाच.” दोन्ही जावांचं चार वर्षांतलं हे पहिलं एकमत.

शेवटी मीच नंबर निवडले, जास्तीचे पैसे भरून. आईसाठी पाचवा मजला आणि बोटीचा मध्य, कारण बोट तिथं सगळ्यात कमी हलते. वर आणि टोकाला गेलात की झोका वाढतो. खिडकी हवीच, समुद्र बघायलाच तर ती येणार. आईची केबिन ५११२. आमची ५११३. दादाची ५११४.

आता हा हिशेब जरा नीट बघा. बारा, तेरा, चौदा. म्हणजे आई, मग मी, मग दादा. आईच्या भिंतीला भिंत लागून मी, आणि दादाला आईकडे जायचं तर माझ्या दारावरून जावं लागणार. हे मी मुद्दाम केलं का? रिकाम्या केबिनींच्या नकाशात त्या वेळी बारा, तेरा, चौदा एवढ्याच दिसत होत्या, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगावं लागलं, त्या अर्थी काय ते समजा. सगळं कुटुंब एकत्र राहावं म्हणून मी जास्तीचे पैसे भरले, असं नातेवाइकांना मी सांगत होतो आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बँकेत खोट्या व्हाउचरवरसुद्धा बेरीज बरोबरच असते.

बॅलार्ड पिअरला चढलो. पाचव्या मजल्यावर आलो. दादा, वहिनी, आई आणि आत्या डावीकडच्या बोळात वळले. आम्हीही वळलो. ५१०८, ५११०, ५११२, ५११४. तेरा नाही! मला वाटलं, अपशकुनी म्हणून गाळला असेल. तिथल्या पोऱ्यानं आमचं कार्ड पाहिलं आणि हसून म्हणाला, “सर, तुमची केबिन पलीकडे. बोटीवर समसंख्या एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला.”

नोटांच्या कोऱ्या बंडलात बारानंतर तेरा येतो. चेकबुकात येतो. जगात सगळीकडे येतो. बोटीवर बारानंतर चौदा येतो आणि तेरा पलीकडच्या बोळात, मधे बिनखिडकीच्या केबिनींच्या रांगा टाकून! दादा आईच्या भिंतीला भिंत लावून होता आणि मी, विषम, अख्ख्या बोटीच्या रुंदीइतका लांब. दादा मला म्हणाला, “छान निवडलेस हो नंबर. आईला माझ्या शेजारी ठेवलंस.” तो खरंच खूश होऊन म्हणाला. हे जास्त लागलं.

आपल्याकडे यावर एक राष्ट्रीय उपाय आहे: जरा अ‍ॅडजस्ट करा. रेल्वेत आपण काय करतो? कुटुंब एकत्र बसावं म्हणून एकट्या माणसाला त्याच्या खिडकीवरून उठवतो आणि वरच्या बर्थवर पाठवतो, आणि त्यानं कुरकुर केली तर त्यालाच माणुसकी नाही असं ठरतं. जणू कुटुंब असणं हा हक्क आणि एकटं असणं हा गुन्हा. मीही हे कित्येकदा केलं आहे. ५११० मधे एकटेच एक वयस्क गृहस्थ होते, ते मी हेरलं आणि दार वाजवलं.

“आमची आई शेजारी आहे. आम्ही पलीकडे ५११३ मधे. आपण एकटेच आहात, तर…”

त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, “मी एकटा नाही. मुलगा, सून, व्याही, विहीण, सगळे आहेत. ५११५ पासून पुढे. विषम बाजूला. मी आकडे बघूनच समसंख्या घेतली आहे, आणि एकट्यासाठी दोघांचे पैसे भरलेत. तुम्ही मला उचलून पुन्हा त्यांच्या शेजारी नेऊन ठेवणार?”

मी माफी मागितली. पण बोळातून परत येताना डोक्यात काहीतरी वाजत राहिलं. जवळ असण्यासाठी मी पैसे भरले, लांब असण्यासाठी त्यांनी. भाव दोघांचा पक्का. माझ्या सोयीला मी प्रेम म्हणतो म्हणून ती जड आणि त्यांची हलकी, हे कुठल्या तराजूनं ठरवायचं? आणि खरं सांगू? मी आईला विचारलंच नव्हतं. तिच्या केबिनीत डोकावलो तर ती आणि आत्या खिडकीपाशी पाय वर घेऊन बसल्या होत्या. आई म्हणाली, “तू कशाला आलास? चिनू एकटी आहे का तिकडे?”

तासाभरात कवायतीची घंटा झाली. ही कवायत सक्तीची. टायटॅनिक बुडाल्यावर, १९१४ साली, बोटीवरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली, त्या दिवशी चढलेल्यांची कवायत व्हायची होती. तेव्हापासून नियम आणखी कडक झाला. आधी कवायत, मग सफर. प्रत्येकाच्या कार्डावर आपलं जमण्याचं ठिकाण छापलेलं असतं आणि ते केबिनीवरून ठरतं. आई, आत्या, दादा, वहिनी आणि पुतण्या एका बाजूच्या होड्यांशी. आम्ही तिघं दुसऱ्या.

नारिंगी जाकीट घातलेला अधिकारी सांगत होता: घंटा वाजली की आपापल्या ठिकाणी सरळ या. सामान आणायला जाऊ नका. दुसऱ्या ठिकाणच्या माणसांना शोधायला जाऊ नका. तुम्ही उलटे निघालात की जिना अडतो आणि तुमच्यामागचे अडकतात.

हे ऐकायला सोपं आहे. टायटॅनिकवर इडा स्ट्रॉस नावाच्या बाई होत्या. होडीत जागा असून, नवऱ्याला सोडून जाणार नाही म्हणून त्या मागे राहिल्या आणि दोघंही बुडाले. मी हे हिला हळूच सांगितलं. ती चिनूच्या जाकिटाचा पट्टा ओढत म्हणाली, “मी हिला घेऊन होडीत बसणार. तुम्ही काय ते ठरवा.”

ठरवा म्हणजे काय ठरवा? चिनू माझ्या डाव्या हाताला आणि आई बोटीच्या पलीकडच्या कडेला. मध्यरात्री घंटा वाजली तर मी कुठे पळायचं? पळालो पलीकडे, तर मी चांगला मुलगा आणि वाईट बाप, शिवाय जिन्यात लोकांना अडवणारा तिसऱ्याच कुणाचा तरी शत्रू. नाही पळालो तर आयुष्यभर… पुढचं मनात आणवेना. लहानपणी आत्या रामदास बोटीची गोष्ट सांगायची, १७ जुलै १९४७ ची, रेवसला निघालेली, सहाशेवर माणसं गेलेली. त्या गोष्टीत कोण कुणाला शोधत होतं ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

अधिकारी म्हणाला, “तुमचा माणूस दुसऱ्या ठिकाणी असेल, तर तिथं त्याच्याबरोबर कुणीतरी आहे यावर भरवसा ठेवा.”

कुणीतरी म्हणजे दादा. त्याच्याजवळ आईला देऊन आपण चिनूचा हात धरून शांत उभं राहायचं. एका कागदासाठी ज्याच्यावर मी चार वर्षं भरवसा ठेवला नाही, त्याच्याजवळ! मी तिथं उभ्या उभ्या हिशेब करून पाहिला. वडिलांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात कोण झोपायचं? दादा. आईच्या मोतीबिंदूला रजा कुणी घेतली? दादानं, माझी इयर-एंडिंग होती. कागद त्यानं मला दाखवला होता की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. पण घंटा वाजली तर तो आईला सोडून पळणार नाही, हे मला माहीत होतं. आणि हे मला चार वर्षं रोजच माहीत होतं.

रात्री दोनला जाग आली. बोट थोडी हलत होती. आईला बोट लागली असेल, असं निमित्त काढून खिशात आवळासुपारी घातली आणि पायजम्यावरच निघालो. पलीकडचा बोळ सापडायला वेळ लागला. ५११२ च्या दाराशी दादा उभा होता. त्याच्या हातात लिंबू.

“तू?” तो म्हणाला.

“सहज. आईला लागली असेल म्हणून.”

“झोपल्यात. ऐक.”

दाराला कान लावला. आत घोरण्याचा आवाज येत होता. दोन सुरांत.

“तो खालचा आईचा,” मी म्हणालो.

“छट्! खालचा आत्याचा. आईचा बारीक असतो, शिटीसारखा. तू कधी ऐकलायस?”

“लहानपणापासून ऐकतोय.”

“तेव्हाचा सूर वेगळा होता.”

आम्ही पुन्हा ऐकलं. दादा म्हणतो ते बरोबर होतं, पण एवढ्यात कबूल करणं बरं दिसलं नसतं. वाद जरा वाढला असावा. शेजारचं दार उघडलं आणि ५११० वाले गृहस्थ मफलर गुंडाळून बाहेर आले.

“या आवाजासाठी नव्हते हो मी दोघांचे पैसे भरले,” ते म्हणाले. “चला, देतो मी केबिन बदलून. घ्या तुमच्या आईशेजारी.”

मी म्हणालो, “नको नको, राहू द्या. दादा आहे इकडे.”

“मग त्याला एकट्यालाच उभं राहू द्या,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी कडी लावून घेतली.