डॉक्टरांची पत

उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा एक डाग होता. त्या डागात क्लीव्हलँडचे कॉरोनर डॉ. सॅम्युएल गर्बर यांना एका हत्याराचा ठसा दिसला, आणि १९५४ सालच्या खटल्यात त्यांनी ज्युरीपुढे शपथेवर सांगितलं की हा ठसा शस्त्रक्रियेच्या उपकरणाचा आहे. (कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, मुंबईतही १९९९ पर्यंत हे पद होतं.) ते उपकरण नेमकं कोणतं आणि ते आहे कुठे, हे गर्बर यांनी दाखवलं नाही. बारा वर्षांनी दुसऱ्या खटल्यातल्या उलटतपासणीत त्यांना कबूल करावं लागलं की अशा उपकरणाचा देशभर शोध घेतला, पण ते मिळालं नाही. पहिल्या ज्युरीच्या कानावर मात्र ती गोष्ट पडून गेली होती, आणि आरोपीच्या जागी त्यांच्यासमोर एक सर्जन बसलेला होता.

त्या सर्जनचं नाव डॉ. सॅम शेपर्ड. वय तीस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, बे व्हिलेज नावाच्या सुखवस्तू उपनगरात त्याचं घर होतं. वडील डॉक्टर, दोन्ही भाऊ डॉक्टर, आणि गावातलं बे व्ह्यू हॉस्पिटल या कुटुंबाचंच. ४ जुलै १९५४ च्या पहाटे त्याची बायको मॅरिलिन वरच्या मजल्यावरच्या शयनगृहात डोक्यावर घाव घालून मारलेली सापडली. ती एकतीस वर्षांची होती आणि चार महिन्यांची गरोदर होती. शेजारच्या खोलीत त्यांचा सात वर्षांचा मुलगा झोपलेला होता. शेपर्डचं म्हणणं असं, की रात्री पाहुणे गेल्यावर आपल्याला खालच्या कोचावर झोप लागली, मॅरिलिनच्या ओरडण्यानं जाग आली, वर धावलो तर कोणीतरी मागून तडाखा हाणला. शुद्धीवर आल्यावर त्या माणसाचा सरोवराच्या काठापर्यंत पाठलाग केला आणि तिथे झटापटीत पुन्हा शुद्ध हरपली. माणूस उंच होता, केस विस्कटलेले होते, एवढंच त्याला सांगता आलं.

या हकिकतीत कच्चे दुवे होते, आणि ते शोधणं हे पोलिसांचं कामच होतं. मला इथे थांबावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. आरोपी डॉक्टर असला की त्याच्या अंगचे गुणच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहतात. शेपर्डच्या मानेला इजा झाली होती. तो गळ्याला पट्टा लावून बायकोच्या अंत्यविधीला आला. दुसऱ्या कोणी असा पट्टा लावला असता तर लोक हळहळले असते. पण हा डॉक्टर, इजेचं सोंग कसं वठवायचं हे याला ठाऊक असणार. तपासणारा डॉक्टर याचा सख्खा भाऊ, रुग्णालय घरचं. तो शांतपणे बोलला तर काळीज दगडाचं, आणि रडला तर नाटक. एरवी ज्या हाताला गुण आहे असं म्हणून लोक गावोगावहून येतात, त्याच हाताकडे लोक डोळे बारीक करून पाहू लागतात.

याचं मूळ आपल्या विश्वासातच आहे असं मला वाटतं. डॉक्टरांवर आपण टाकतो तो विश्वास इतर कोणावर टाकत नाही. कपडे उतरवून त्यांच्यासमोर पडतो, भूल घेतो, दंडात काय टोचलं ते विचारत नाही. घरचं माणूस गेलं तर ते कशानं गेलं हेही त्यांच्याच सहीनं ठरतं. एवढी सत्ता आपण ज्याच्या हाती आपखुशीनं देतो, त्याच्याविषयी शंकेची पहिली ठिणगी पडली की आपला राग त्या एका माणसापुरता राहत नाही. आजवर स्वतः बिनधास्त मान पुढे केली, त्याची भीती त्या रागात मिसळलेली असते.

शेपर्डच्या बाबतीत रागाला आणखी एक कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. खुनाच्या सकाळीच भावांनी त्याला उचलून स्वतःच्या रुग्णालयात नेलं. वकील लगेच उभा राहिला. हेच एखाद्या गोदी कामगाराच्या घरात घडलं असतं तर दुपार व्हायच्या आत नवरा कोठडीत गेला असता. ‘क्लीव्हलँड प्रेस’चे संपादक लुई सेल्ट्झर यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवलं. २० जुलैला पहिल्या पानावरच्या अग्रलेखात त्यांनी लिहिलं की इथे कोणीतरी खून पचवतंय. बड्या घराण्याला वेगळा न्याय का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि कोणत्याही पत्रकारानं तो विचारायलाच हवा होता. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर चौकशी का होत नाही असं विचारलं आणि गर्बर यांनी त्याच दिवशी ती जाहीर केली. ३० जुलैला शेपर्ड अजून तुरुंगात का नाही अशी पृच्छा झाली आणि त्याच रात्री त्याला अटक झाली. समान न्यायाच्या मागणीनं सुरुवात झाली होती. दहा दिवसांत तपासाची दिशा अग्रलेख ठरवू लागले.

ती जाहीर चौकशी एका शाळेच्या व्यायामशाळेत भरली. शेकडो लोक जमले. पुढच्या लांब टेबलाशी वार्ताहर, रेडिओ आणि टेलिव्हिजनवाले. सगळ्यांच्या देखत पोलिसांनी शेपर्डची झडती घेतली. त्याला पाच तासांहून अधिक वेळ प्रश्न विचारले गेले. त्याचे वकील कागदपत्रं नोंदवून घ्या म्हणून आग्रह धरू लागले तेव्हा कॉरोनरनी त्यांना जबरदस्तीनं बाहेर काढायला लावलं, आणि जमलेल्या बायकांनी कॉरोनरना टाळ्या, मिठ्या आणि मुके दिले. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ते नोंदलेलं आहे. याच चौकशीत शेपर्ड एक गोष्ट खोटं बोलला. रुग्णालयात काम केलेल्या एका तरुणीशी त्याचे संबंध होते. ते त्यानं शपथेवर नाकारले आणि पुढे ते सिद्ध झाले. तिथून पुढचा खटला खुनाचा कमी आणि व्यभिचाराचा जास्त झाला. बायकोला फसवणारा माणूस तिला मारूही शकतो, असं मानायला लोकांना पुराव्याची गरज पडत नाही. या एका उडीत किती माणसं फासावर गेली असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

खटला ऑक्टोबर १९५४ मध्ये उभा राहिला, नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या तोंडावर. न्यायाधीश एडवर्ड ब्लायदिन स्वतःच्या जागेसाठी पुन्हा उमेदवार होते आणि मुख्य सरकारी वकीलही न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत उतरले होते. कोर्टात वार्ताहरांसाठी खास टेबल टाकलं होतं, ज्युरीपासून हातभर अंतरावर. ज्युरीतल्या माणसांची नावं, पत्ते छापून आले. त्यांना पत्रं येऊ लागली, फोन येऊ लागले. २१ डिसेंबरला शेपर्ड दोषी ठरला. जन्मठेप. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच्या आईनं स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि मग अकरा दिवसांनी वडील पोटातल्या अल्सरच्या रक्तस्रावानं गेले. बचावाचे तज्ज्ञ, बर्कलीचे पॉल कर्क यांना मॅरिलिनची खोली तपासायला मिळाली ती निकाल लागून गेल्यावर. भिंतींवर रक्त कसं उडालंय हे पाहून त्यांनी खुनी डावखुरा असावा आणि खोलीत तिसऱ्या माणसाचं रक्त आहे असं अनुमान मांडलं. न्यायालयानं ते ऐकून नवा खटला द्यायचं नाकारलं.

दहा वर्षं तो तुरुंगात राहिला. सुटला तो एफ. ली बेली या तरुण वकिलाच्या चिकाटीनं. ६ जून १९६६ रोजी ‘शेपर्ड विरुद्ध मॅक्सवेल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं पहिला निकाल रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांचं. पत्रकारांची मुस्कटदाबी करा असं ते म्हणाले नाहीत. स्वतःच्या कोर्टाची शिस्त, साक्षीदारांची आणि वकिलांची तोंडं, ज्युरीचं एकांतात राहणं हे सगळं न्यायाधीशाच्या हातात होतं आणि ते त्यानं वापरलं नाही, असा त्यांचा ठपका होता. मला हा विवेक फार मोलाचा वाटतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसऱ्या ज्युरीनं शेपर्डला सोडलं.

इथे एक अवघड गोष्ट कबूल करायला हवी. जी पत पाहून शेपर्डवर लोक चिडले, तीच त्याला सुटायला उपयोगी पडली. भाऊ होते, पैसा उभा राहत होता, तज्ज्ञ आणता येत होते, दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची ऐपत होती. त्या गोदी कामगाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलाच नसता.

मग डॉक्टरांवर संशय घ्यायचाच नाही का? महाराष्ट्रातल्या वाचकाला या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाल्या. पहाटे बोरीबंदरला पोचल्या तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं, ते दुसऱ्याच नावानं. काही तासांत त्या गेल्या. मधुमेही बाई, सोबत आणणारा माणूस स्वतः डॉक्टर. मधुमेहातली बेशुद्धी असं निदान कागदावर आलं. बेवारस म्हणून शव वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं. पुण्यात त्यांच्या माणसांना पत्रं येत राहिली, की मी पुन्हा लग्न केलंय, दूर सुखात आहे, काळजी नसावी. दरम्यान त्यांचे पैसे, शेअर एकेक करून डॉक्टरांच्या हाती जात होते. शवविच्छेदन उशिरा झालं आणि रासायनिक तपासणीत विष सापडलंच नाही.

तरीही लागूंना फाशीची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताच्या निकालात दाखवून दिलं की विष सापडलं नाही एवढ्यानं खून झालाच नाही असं होत नाही. वैद्यकाचं ज्ञान असलेला माणूस माग न ठेवणारी वाट निवडू शकतो. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. खोटं नाव, खोटी पत्रं, खोट्या सह्या, मृत्यूआधीचं आणि नंतरचं वागणं, यातलं प्रत्येक तपासून त्यांनी साखळी जुळवली. तरी न्यायमूर्ती सरकार यांचं समाधान झालं नाही; त्यांनी भिन्नमत नोंदवलं. गर्बर यांनीही सुचवलं होतं की हत्यार सर्जनचं, म्हणून खुनी सर्जन. दोन्हीकडे आधार आरोपीच्या व्यवसायाचाच. फरक हा की पुण्याच्या खटल्यात त्या व्यवसायाच्या मागे कागदांचा ढीग होता आणि क्लीव्हलँडमध्ये एक डाग. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत रुग्णालयात कोणी डॉक्टरांच्या सांगण्यावर थोडा अविश्वास दाखवला असता, तर बाईंची खरी ओळख त्याच दिवशी पटली असती. डॉक्टरांना संशयातून सूट द्यायला मी तयार नाही. हा संशय गर्दीच्या हाती पडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि गर्दी नेहमी शिक्षाच मागते असंही नाही. त्याच १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक त्यांच्या बाजूनं उभं राहिलं आणि ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाला तो कौल फिरवावा लागला. आज आपल्याकडे ज्युरी नाही, पण टीव्हीचा पडदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं माध्यमांना बजावलं की गुन्ह्याचा प्रसंग पडद्यावर उभा करू नका, आरोपीच्या चारित्र्यावरून मत कलुषित करू नका, पोलिसांपुढच्या कबुलीला पुराव्याचं मोल देऊ नका. हे सांगावं लागलं, कारण चौकशीची ती व्यायामशाळा आता घराघरात रोज संध्याकाळी भरते.

सुटल्यावर शेपर्ड पुन्हा शस्त्रक्रिया करू लागला. रुग्ण दगावले, त्याच्यावर दावे झाले. दारू वाढली. शेवटी तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरला, आणि तिथे लोकांनी त्याला खुनी शेपर्ड याच नावानं पाहायला तिकिटं काढली. एप्रिल १९७० मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आईच्या खुनाच्या रात्री शेजारच्या खोलीत झोपलेला मुलगा मोठा झाला आणि बाप नुसता सुटला नव्हता, तो निरपराध होता असं न्यायालयानं म्हणावं म्हणून झगडत राहिला. त्याचं बोट रिचर्ड एबरलिंगकडे होतं. हा माणूस शेपर्डांच्या खिडक्या पुसायचा. १९५९ मध्ये त्याच्याकडे मॅरिलिनची अंगठी सापडली होती, आणि पुढे एका वृद्धेच्या खुनात त्याला शिक्षा झाली. १९९७ साली डीएनए तपासणीसाठी शेपर्डचं दफन केलेलं शव उकरून काढलं गेलं.

२००० साली बापाच्या चुकीच्या तुरुंगवासाबद्दलचा त्याचा दिवाणी दावा क्लीव्हलँडमध्ये चालला. या वेळी बाजू उलटल्या होत्या: सरकारला अपराध सिद्ध करायचा नव्हता, मुलाला बापाचं निरपराधपण सिद्ध करायचं होतं. काही तासांत ज्युरीनं ते सिद्ध झालं नाही असं सांगितलं. मला या कौलात अन्याय दिसत नाही. सेहेचाळीस वर्षांनी, साक्षीदार गेलेले, खोली मोडलेली, एबरलिंगही दोन वर्षांपूर्वी तुरुंगात मेलेला, तेव्हा माणसाचं निरपराधपण पुराव्यानं उभं करणं कोणाला जमलं असतं? अन्याय झाला तो १९५४ मध्ये, जेव्हा भिंतींवरचं रक्त ताजं होतं, बचावाच्या तज्ज्ञाला आत जायला मिळायला हवं होतं आणि घराच्या किल्ल्या सरकारपक्षाच्या ताब्यात होत्या. मुलगा अपिलात गेला. २००२ साली न्यायालयानं निर्णय दिला की चुकीच्या तुरुंगवासाबद्दल दाद मागण्याचा हक्क फक्त तो भोगलेल्या माणसाचा, तो त्याच्याबरोबर संपला. हा दावा ज्युरीपुढे जायलाच नको होता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मॅरिलिनच्या खुनासाठी त्यानंतर कोणावरही खटला झालेला नाही.