तवंग आणि आप्तवचन

समुद्रातल्या तेलविहिरीला मोठा अपघात होतो, ती बंद केली जाते आणि काही महिन्यांनी त्याच भागात पुन्हा तवंग दिसतो. तेव्हा दोन परस्परविरोधी विधाने पुढे येतात. कंपनी आणि सरकारी यंत्रणा सांगतात की विहीर बंदच आहे. हे तेल जुने किंवा दुसरीकडून आलेले आहे. किनाऱ्यावरची माणसे म्हणतात की ती पुन्हा गळू लागली आहे आणि ही गोष्ट दडवली जात आहे. तळाशी काय चालले आहे ते पाहण्याची यंत्रे पहिल्या पक्षाकडे असतात. दुसऱ्याकडे होडी आणि डोळे. स्वतः पाहणे शक्य नसताना दुसऱ्याच्या सांगण्याला ज्ञान कधी मानायचे आणि त्यावर संशय घेणे कधी रास्त ठरते, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न अशा वेळी थेट व्यवहारात उतरतो.

भारतीय दर्शनांपैकी न्यायदर्शनाने या प्रश्नाची फोड फार बारकाईने केली आहे. ते प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण, याचे उत्तर भाष्यकार वात्स्यायनाने दोन अटींत दिले आहे : ज्याने ती वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही त्याने सांगून ठेवले आहे. पद, कुळ किंवा गणवेश यांचा त्यात काही संबंध नाही. जाळे ओढताना तेलाचा पट्टा पाहिलेला कोळी त्या पट्ट्यापुरता आप्त ठरतो. तळ न पाहता निवेदन वाचून दाखवणारा अधिकारी ठरत नाही.

न्यायसूत्रे, म्हणजे या दर्शनाचा मूळ ग्रंथ, शब्दाचे आणखी दोन भाग करतात. ज्याचा विषय इथेच पडताळता येतो ते दृष्टार्थ वचन. ज्याचा विषय या लोकी पडताळता येत नाही ते अदृष्टार्थ. नाशिकला रामकुंडात स्नान करणारा भाविक दोन्ही प्रकारची वचने एकाच वेळी स्वीकारत असतो. या स्नानाने पुण्य लाभते, हे अदृष्टार्थ. या पाण्यात नाल्याचे पाणी मिसळत नाही, हे दृष्टार्थ. पहिल्याला प्रयोगशाळेशी देणेघेणे नाही. दुसऱ्याचा निकाल प्रयोगशाळाच देऊ शकते. गोदावरीच्या प्रदूषणाबाबत २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, तेव्हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता. नाशिककर नदीला गंगाच म्हणतात, आणि गंगा बाटत नाही हे त्यांच्या श्रद्धेचे म्हणणे आहे; मलजल किती मिसळते या प्रश्नाला मात्र ते उत्तर होऊ शकत नाही. समुद्रातल्या गळतीबाबत उलट दिशेने तशीच गल्लत होते. ‘विहीर बंद आहे’ हे वचन पूर्णपणे दृष्टार्थ आहे, पण ते अदृष्टार्थासारखे सांगितले जाते : ऐका आणि माना.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मरण पावले. सुमारे १,५०० मीटर खोलीवरची मॅकोंडो विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत होती. सुरुवातीला दररोज १,००० पिंपे गळत असल्याचे सांगण्यात आले, मग ५,०००. पुढे सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज आला तो आरंभीच्या दिवसांसाठी रोजच्या ६२,००० पिंपांचा, आणि एकूण ४९ लाख पिंपांचा. १५ जुलैला विहिरीला झाकण बसले, सप्टेंबरात ती कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, त्याच भागात तवंग पसरला. तपासणीत तेलाची रासायनिक ओळख मॅकोंडोच्याच तेलाशी जुळली. विहीर फुटल्याची चर्चा अर्थातच उसळली. ऑक्टोबरात उगम सापडला : गळती अडवण्यासाठी २०१० मध्ये खाली सोडलेला आणि तळावर टाकून दिलेला पोलादी घुमट. त्यात अडकलेले तेल झिरपत होते. विहीर शाबूत होती. त्यानंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, विहीर चालवणाऱ्या बीपी कंपनीने फौजदारी आरोप कबूल केले. गळतीच्या प्रमाणाबाबत अमेरिकी संसदेची दिशाभूल केल्याचा आरोप त्यांत होता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की संशयाचे खरे स्वरूप दिसते. विहिरीविषयीची लोकांची शंका चुकीची निघाली. सांगणाऱ्याविषयीची शंका मात्र चुकीची नव्हती. न्यायसूत्रांत वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना जी युक्ती वापरली आहे, ती इथे फार उपयोगी पडते. मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ अनुभवाला येते, म्हणजे त्यांचे वक्ते आप्त आहेत. म्हणून त्यांचे न पडताळता येणारे वचनही प्रमाण मानावे, असा तो युक्तिवाद आहे. वेदाबाबत तो पटो न पटो, विश्वास कसा चालतो याचे वर्णन म्हणून तो अचूक आहे. पडताळलेल्या भागाची पत न पडताळलेल्या भागाला मिळते. मग उलटही खरेच मानावे लागते. रोज किती तेल गळते, हा पडताळता आलेला आकडा खोटा निघाला, तर तळाशी काय आहे हे न पडताळता आलेले विधान त्याच क्षणी पत गमावते. मोठ्या अपघातात आप्ताची पहिली अट, म्हणजे ज्ञान, बहुधा शाबूत राहते. मोडते ती दुसरी, जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. म्हणूनच ‘आमच्याकडे तज्ज्ञ आहेत’ हे उत्तर लोकांना पटत नाही. त्यांनी ज्ञानावर शंका घेतलेलीच नसते.

त्याच आखातातली दुसरी घटना याला बळ देते. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन चक्रीवादळाने तळाचा चिखल सरकून टेलर एनर्जी कंपनीचा फलाट कोसळला. तिथली गळती २०१० पर्यंत फारशी कुणाला माहीत नव्हती; मॅकोंडोच्या तेलावर नजर ठेवणाऱ्यांना भलत्याच जागी पट्टा दिसला म्हणून ती उजेडात आली. कंपनीच्या मते दिवसाला जेमतेम ११ लिटर तेल येत होते. २०१९ च्या सरकारी अभ्यासात रोजचा अंदाज ९ ते १०८ पिंपांचा, म्हणजे साधारण १,४०० ते १७,००० लिटरचा निघाला.

अरबी समुद्रात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे तेल येण्याच्या वाटा अनेक आहेत. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीच्या ‘सागर सम्राट’ या खोदाई-फलाटाने १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल शोधले. मे १९९३ मध्ये तिथून उरणकडे येणारी वाहिनी फुटली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पाण्याखाली गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी उतरवण्यासाठी मुंबई हाय नॉर्थ फलाटाजवळ गेले आणि वायुवाहिनीच्या उभ्या नळीवर आदळले. भडकलेल्या आगीत दोनेक तासांत फलाट नष्ट झाला. २२ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकली, तेल पसरले आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक मिळेना. याखेरीज दर पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात.

संशयाची कारणे मोजताना न्यायसूत्रांनी पहिले कारण दिले आहे समान धर्माचे : संधिप्रकाशात उंच काही दिसते, तो खुंट की माणूस हे ठरत नाही, कारण उंची दोघांतही असते. काळा गोळा तसाच. तो टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्याचा असेल, बुडालेल्या जहाजाचा असेल, वाहिनीचा असेल. विशेष धर्म सापडल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि तेलाच्या बाबतीत तो धर्म त्याच्या रासायनिक घटकांच्या प्रमाणात असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशी ओळख पटवण्याचे काम केले आहे. ‘ओएनजीसीचेच’ किंवा ‘परदेशी जहाजांचेच’ असे दोन्हीकडून होणारे सरधोपट आरोप त्यापुढे टिकत नाहीत.

दुसरे एक कारण अधिक महत्त्वाचे आहे : न दिसण्याची अव्यवस्था. एखादी वस्तू नसते म्हणून दिसत नाही, तशीच ती असूनही दिसत नाही, जसे भूगर्भातले पाणी. म्हणून पुढच्या तर्कशास्त्राने नियम घातला की वस्तू असती तर ती खात्रीने दिसली असती अशी परिस्थिती असेल, तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. ‘पाहणीत गळती आढळली नाही’ या वाक्याची किंमत या नियमाने ठरते. पाहणी विमानातून झाली की पाणबुड्या यंत्राने, समुद्र शांत होता की खवळलेला, संपूर्ण वाहिनी पाहिली की दोन ठिकाणे, हे न सांगता केलेले असे निवेदन काहीच सिद्ध करत नाही. नेमका हाच तपशील निवेदनांतून गाळलेला असतो.

अनुमानालाही मर्यादा आहेत. फुगलेली नदी पाहून वर पाऊस पडल्याचे ओळखणे, हे न्यायपरंपरेतले ठरलेले उदाहरण; आणि त्यावरचा आक्षेपही सूत्रांतच नोंदवला आहे की प्रवाहाला कुठे बांध पडल्यानेही पाणी चढू शकते. नाशिकमध्ये हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. गोदेचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की छातीला, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. पण ते पाणी त्र्यंबकच्या पावसाचे की गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गाचे, हे मूर्तीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी विसर्गाचा आकडा लागतो, आणि तो वेळोवेळी जाहीर होतो. तवंगावरून विहिरीचे अनुमान करणाऱ्यांची अडचण ही की त्यांच्यासाठी असा आकडा कुणी जाहीर करत नाही.

सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची, यावर दर्शनांत मतभेद आहे. कुमारिल भट्टाच्या मीमांसेनुसार ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याच्या कारणात दोष दिसेपर्यंत किंवा विरोधी ज्ञान येईपर्यंत ते मानायचे. न्यायाच्या मते प्रामाण्य बाहेरून, यशस्वी व्यवहारावरून ठरवावे लागते. रोजच्या जगण्यात मीमांसेचीच रीत चालते. प्रत्येक शब्द तपासत बसले तर माणूस घराबाहेर पडणार नाही. पण ज्याने एकदा आकडा दडवला त्याच्या बाबतीत कारणातला दोष दिसूनच गेलेला असतो, त्यामुळे तिथे मीमांसेचा नियमही विश्वास स्थगित करायलाच सांगतो. दोन्ही दर्शने इथे एका जागी येतात.

संशयालाही सीमा आहे. न्यायपरंपरेतल्याच उदयनाचार्यांनी ती आखली : स्वतःच्याच वर्तनाशी विरोध येतो तिथे शंका थांबते. नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी करणाऱ्याने तिच्या निष्कर्षाला मान्यता देण्याची तयारी आधीच दाखवलेली असते. निकाल विरुद्ध गेल्यावर प्रयोगशाळाच विकली गेली म्हणणे, हा संशय नव्हे. न्यायाच्या परिभाषेत ती वितंडा, म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचे खंडन. कंपन्यांची पत्रकार परिषद बहुधा जल्प असते, जिंकण्यासाठी केलेला वाद. सत्य शोधण्यासाठी होणारा ‘वाद’ त्यासाठी नेमलेल्या जनसुनावणीतही क्वचितच घडतो.

उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर नाशिकच्या भूमीतलीच एक कथा बोलते. ब्रह्मगिरीवरच्या गौतम ऋषींच्या आश्रमात दुष्काळातही धान्य होते. इतर ऋषींच्या मत्सरातून मायावी गाय त्यांच्या शेतात सोडली गेली. दर्भाच्या काडीने हाकलताच ती मेली आणि गोहत्येचा ठपका आला. गौतमांनी तप करून गंगा खाली आणली, तीच गोदावरी. न्यायसूत्रकार अक्षपाद गौतम आणि हे गौतम एकच असल्याचे परंपरा कुठेकुठे मानते. इतिहासाला तसा आधार नाही. पुराव्याच्या शास्त्राशी जोडलेले नाव आणि रचलेल्या पुराव्याची कथा एकत्र यावीत, हा योगायोग मात्र लक्षणीय आहे. गौतमांनी गाय खरी होती का हे विचारले नाही. हात लागला म्हणून प्रायश्चित्त घेतले. आधुनिक कायद्यानेही दोष सिद्ध होण्याची अट काही बाबतींत सोडली आहे. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांसाठी निरपवाद उत्तरदायित्वाचे तत्त्व घालून दिले, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात भरपाईसाठी दोषनिरपेक्षतेचा नियम आला. कोळसा घेऊन येणारे ‘एमव्ही राक’ हे जहाज ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले आणि त्यातून इंधनतेल गळू लागले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये आणि कोळसा मागवणाऱ्या कंपनीला ५ कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई भरण्याचा आदेश दिला.