निरंक

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक अहवालात ‘बालमृत्यू’च्या रकान्यात ‘निरंक’ असं लिहून येतं, तेव्हा दोन शक्यता असतात. त्या महिन्यात खरोखरच एकही मूल दगावलं नाही, किंवा दगावलं पण कुणी लिहिलं नाही. संगणकाला दोन्ही सारख्याच. आढावा बैठकीत शाबासकीही दोन्हींना सारखीच. उलट जी सिस्टर चार मृत्यू प्रामाणिकपणे लिहून आणते, तिला सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारला जातो. पुढच्या महिन्यात ती काय लिहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आरोग्याची आकडेवारी सुधारायची म्हटली की आपल्याकडे नवं पोर्टल येतं. 2008 मध्ये आरोग्यसेवांच्या आकडेवारीचं ‘एचएमआयएस’ आलं, पाठोपाठ माता-बालकांचा नावनिशीवार माग ठेवणारी प्रणाली, 2012 मध्ये क्षयरोगासाठी ‘निक्षय’, 2021 मध्ये साथरोगांसाठी आणखी एक. यातलं एकही वाईट नाही. पण नवं आलं म्हणून जुनं रजिस्टर काही सुटत नाही. तीच गर्भवती आधी वहीत, मग मोबाइलवर, मग महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात. रेंज नसेल तर रात्री घरी बसून.

शिवाय आपल्या चालीरीती पोर्टलला कुठे ठाऊक? पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात सासरच्या उपकेंद्रातून निघते, बाळंत होते दुसऱ्या जिल्ह्यात, आणि परतते बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. सासरची आशाताई तिला ‘बाहेरगावी’ म्हणून सोडून देते, माहेरची ‘पाहुणी’ म्हणून. प्रत्येकीला एकच क्रमांक द्यायचा, तो यासाठीच. पण क्रमांकाचा कागद सासरच्या ट्रंकेत राहिला की माहेरी नवी नोंद होते आणि एकीच्या दोघी होतात. ते बाळ दगावलं, तर बऱ्याचदा दोन्ही गावांच्या हिशेबातून निसटतं.

वजनाचंही तसंच. 2,500 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी वजनाचं बाळ. नोंदी तपासायला बसलं की नेमक्या 2,500 या आकड्यावर बाळांची गर्दी दिसते. थोडा दोष काट्याचा आणि आकडा पूर्ण करून लिहिण्याच्या सवयीचा. बाकीचा दोष त्या रेषेचा, कारण रेषेखाली प्रश्न सुरू होतात. पण 2,450 चं 2,500 केलं, की ज्या बाळाकडे जास्तीच्या गृहभेटी जायला हव्यात, तेच यादीतून गळतं. खोट्या आकड्याची किंमत कागद देत नाही, ते बाळ देतं.

2001 मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. महाराष्ट्रातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे त्यांनी गावोगाव मोजून दाखवलं. मोजणारे लोक गावातलेच होते. फरक एवढाच, की मृत्यू सापडला म्हणून त्यांना कुणी रागावणार नव्हतं.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. देशात दीर्घायुष्यात केरळ आघाडीवर, आणि आजारी असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही तिथेच सर्वांत जास्त. अमर्त्य सेन यांनी याकडे लक्ष वेधलं होतं: जिथे शिक्षण आणि दवाखाने पोचतात, तिथे लोकांना आपला आजार कळतो आणि ते तो सांगतात. नुसत्या नोंदींवरून गुण द्यायचे ठरवलं, तर केरळ तळाला जाईल. एखाद्या तालुक्यात नोंदलेले रुग्ण अचानक वाढले, तर कधी कधी अभिनंदनाचं पत्र पाठवायला हवं, आणि आपण पाठवतो ती कारणे दाखवा नोटीस.

उद्दिष्टांचा धडा आपण एकदा गिरवला आहे. कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’चे कोटे एप्रिल 1996 मध्ये देशभर रद्द झाले. त्यामागे सक्तीचा इतिहास होता, आणि कोटा भरण्यासाठी फुगवलेले आकडेही होते. तरी कोट्याची सवय गेली नाही. रकाने तेवढे बदलले.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच घरात आहे. नमुना नोंदणी योजनेत निवडक गावांत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो. सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्याची वही न पाहता घरोघर फिरून स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि नोंदी जुळत नाहीत त्या घरी पुन्हा जातात. बालमृत्यूदर आपण त्यावरूनच सांगतो. हेच तालुक्यात छोट्या प्रमाणावर करता येईल. दोन-चार गावं चिठ्ठी टाकून निवडावीत, शेजारच्या केंद्राच्या माणसांनी मोजावीत, आणि गुण मृत्यू कमी असल्याचे नव्हे, याद्या जुळल्याचे द्यावेत. दुसरं, वर गेलेला आकडा महिन्याभरात परत खाली यावा. आपण लिहिलेल्यातून कुठल्या वाडीत लसीकरण मागे पडलं, हे सिस्टरलाच समजत नसेल, तर ती ते मन लावून का लिहील? आणि सापडलेल्या मृत्यूवर शिक्षा नको. लपवलेल्यावर जरूर हवी.

एक काम वाचकांच्याही हातात आहे. जन्मून काही तासांत गेलेलं बाळ बऱ्याचदा ‘उपजत मृत’ म्हणून लिहिलं जातं, किंवा लिहिलंच जात नाही. कायद्याने अशा बाळाचा जन्म आणि मृत्यू, दोन्ही 21 दिवसांत नोंदवायचे असतात. ओळखीच्या घरात असं दुःख घडलं, तर सांत्वनाला जाल तेव्हा त्यांच्या वतीने ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेतही जाऊन या.