नावडत्या दोघांपैकी एक

दोन्ही उमेदवार नापसंत असतील तर मत बाद करणे हा विवेक, की जबाबदारी चुकविण्याचा सभ्य मार्ग? हा प्रश्न मला नेहमी इजिप्तपाशी नेऊन सोडतो.

मुबारक यांची राजवट २०११ मध्ये कोसळली. पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, तेथे अध्यक्षपदाची पहिली खरीखुरी निवडणूक झाली; मतपत्रिकेवर १३ नावे होती. मुस्लिम ब्रदरहूडचे मोहम्मद मोर्सी यांस सुमारे २५ टक्के मते पडली, मुबारकांचे अखेरचे पंतप्रधान अहमद शफीक यांस सुमारे २४. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारांनी ज्यांना मत दिलेच नव्हते, त्या दोघांतूनच जूनमध्ये निवड करणे आले! एकीकडे धर्मसत्तेचे भय, दुसरीकडे जुन्या जुलमाचे पुनरागमन. मोर्सी सुमारे ८.८ लाखांच्या आधिक्याने निवडून आले. बाद मतेही ८ लाखांवर होती. त्यांतली काही खचितच जाणूनबुजून केलेली.

अशा मतदाराविषयी मला आदर आहे. तथापि आम्हा कारकुनांस एक अनुभव असतो : ‘दोन्ही प्रस्ताव अमान्य’ असा शेरा मारून फाईल वर पाठविता येते, पण निर्णय कोणीतरी करतोच, आणि त्याची अंमलबजावणी आपल्याच टेबलावर येते.

३ जुलै २०१३ रोजी सैन्याने मोर्सींना पदच्युत केले. ‘या पापात माझा वाटा नाही’ असे त्या दिवशी बाद मतवाल्यास म्हणता आले असेल. मोर्सींना नाइलाजाने मत देणाऱ्यास मात्र ते म्हणता येईना; आणि मला, का कोण जाणे, त्याचीच अस्वस्थता अधिक जवळची वाटते.